लोरीच्या पत्रकातला पहिला चित्रपट

"घासलेला आहे तो टोप," मी म्हणाले. "ठेव खाली."

देल्फिनाने ऐकलं नाही. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नळाखाली उभी राहून ती मी रात्री लख्ख करून ठेवलेला मक्याच्या पिठाचा पोलेंता शिजवायचा तांब्याचा टोप पुन्हा घासत होती. माझी कॉफीसुद्धा झाली नव्हती. दार न वाजवता आत आली, अंगातला कोट काढला नाही आणि थेट नळ सोडला.

"तू सांग तिला, इर्मा."

"मी का? माझी मुलगी आहे का ती?"

"तुझं ऐकते ती."

"माझं माझी मांजरसुद्धा ऐकत नाही. आणि सांगायचं होतं तर महिन्यापूर्वी सांगायचं. आज संध्याकाळी पाचला चित्रपट आहे, आणि तू सकाळी माझी भांडी बडवतेयस."

तिने टोप उपडा ठेवला, मग सुलटा केला, मग परत उपडा. मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मला अशी चुळबुळ सहन होत नाही.

गोष्ट अशी की, आमच्या गावात दर शरदात जुन्या इटालियन चित्रपटांचा महोत्सव होतो. लोकरीची गिरणी बंद पडली, तिच्या रंगखात्याचं सभागृह झालं, आणि जिथे आम्ही निळ्याजांभळ्या वाफेत खोकायचो तिथे आता मिलान-तोरिनोची माणसं गळ्यात रेशमी रुमाल बांधून बसतात. देल्फिनाची मुलगी लोरेदाना, म्हणजे आमची लोरी, चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुकान बंद झालं की महोत्सवाचं. चित्रपटाच्या कलेतलं तिला मोठं काही कळतं असं ती स्वतःही म्हणत नाही. पण दरवर्षी ती एक पत्रक काढते, 'हे पाच चुकवू नका.' बेकरीत, औषधांच्या दुकानात, चर्चच्या दारात, सगळीकडे ते असतं. समितीतले प्राध्यापक लिहितात त्यापेक्षा लोक लोरीचं पत्रक वाचून येतात, कारण ती सरळ लिहिते. 'हा संथ आहे, जेवून येऊ नका.' 'ह्यात नवरा नालायक आहे, पण समुद्र बघण्यासारखा.'

यंदाच्या पत्रकात पहिलाच चित्रपट आमच्या गावात झालेला. सगळ्या प्रती हरवल्या असं म्हणत होते, मग रोमच्या कुठल्याशा तळघरात एक सापडली, दुरुस्त झाली, आणि इतक्या वर्षांनी आमच्याकडे आली. लोरीने त्याखाली लिहिलं होतं : 'यात माझे बाबा आहेत. मी तीन वर्षांची असताना ते गेले. त्यांचा आवाज मला आठवत नाही. तो मी शनिवारी ऐकणार आहे. तुम्हीही या.'

अख्खं गाव येणार होतं. बेकरीवाल्या बाईने तर दुकान लवकर बंद होणार अशी पाटी आदल्या दिवसापासून लावली होती.

आणि तो आवाज ओरेस्तेचा नव्हता. हे देल्फिनाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि गिरणीतल्या ज्या काही म्हाताऱ्या अजून शिल्लक आहेत त्यांना ठाऊक होतं.

लोरीचंही चुकलं असं नाही. त्या काळी पडद्यावर एकाचं तोंड आणि आवाज दुसऱ्याचा, हे तिला माहीत होतं. पण ते मोठ्या नटांचं, असं तिला वाटलं. गावच्या माणसाला गावचाच आवाज ठेवला असणार. प्रत्यक्षात उलट होतं. आमच्यासारख्यांना संवाद पाठ होत नाहीत, म्हणून रोमहून आलेला दिग्दर्शक सांगायचा, तोंड हलवा, आकडे मोजा, बाकी आम्ही बघू. नंतर कुणी जाड गळ्याचा गृहस्थ रोममध्ये बंद खोलीत उभा राहून बोलायचा. ओठ जुळोत न जुळोत, आमच्या देशात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

ओरेस्तेचा खरा आवाज बारीक होता. बारीक म्हणजे फोनवर लोक त्याला 'बाईसाहेब' म्हणायचे. चांगला उंचापुरा, खांद्यावर लोकरीची गाठोडी लीलया उचलणारा माणूस, आणि तोंड उघडलं की दाराची बिजागरी. दारूच्या गुत्त्यात तो गप्प बसायचा. बोलायचा तो आमच्या मागांच्या खात्यात. तिथे शंभर माग धडधडत असायचे, देवाचासुद्धा आवाज ऐकू गेला नसता, त्यामुळे आम्ही सगळ्याजणी ओठांवर बोलायचो. जेवायला काय आणलं, मुकादम कुणाच्या मागे आहे, कुणाची पाळी चुकली, सगळं ओठांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओरेस्ते गाठोडी उतरवायला यायचा आणि दारात उभा राहून देल्फिनाशी असा गप्पा मारायचा की आम्ही हसून हसून धागे तोडायचो. सगळ्या गावात बोलका म्हणून त्याला आम्हीच ओळखत होतो. तिने लग्न केलं ते त्या ओठांशी.

"तिला जाड आवाज आवडेल," देल्फिना म्हणाली. ती आता खिडकीपाशी होती. "ऐकेल, खूश होईल. मी कशाला मध्ये येऊ?"

"मग नको येऊस."

"पण तो कोण मेला रोमचा! त्याला बाप समजणार ती?"

"मग सांग."

"तू सांग."

मी कोट चढवला. असल्या माणसाबरोबर घरात बसण्यापेक्षा चालत राहिलेलं बरं.

पण चालणंही सरळ झालं नाही. पुलापर्यंत गेलो, ती परत फिरली. घरातली इस्त्री बंद केली का बघायला. इस्त्री बंद होती. परत निघालो, तर बेकरीशी थांबली. बेकरीवाली बाहेर येऊन म्हणाली, "देल्फिना, मी दोन रुमाल घेतलेत आज!" देल्फिनाने "हो हो" म्हटलं आणि गरज नसताना कानेस्त्रेल्ली बिस्किटांची पुडी विकत घेतली. पुढच्या कोपऱ्यावर ती पुडी तिने माझ्या पिशवीत कोंबली.

रंगखात्याच्या दारात टेबल टाकून लोरी तिकिटं देत होती. केस अर्धे पांढरे झालेत तिचे, पण महोत्सवाच्या दिवसांत ती लाल फ्रेमचा चष्मा लावते आणि शाळेतल्या पोरीसारखी दिसते. समोर तोरिनोहून आलेलं जोडपं उभं होतं.

"सिसिलीतल्या दोन भावांचा बघू का?" बाई विचारत होती.

"तुमचं भावाशी पटतं?"

"नाही."

"मग तो नका बघू, सुट्टी वाया जाईल. उद्या सकाळी त्या पाव भाजणाऱ्या विधवेचा आहे. तो बघा. हसाल, आणि मग घरी जाऊन रडाल. आणि आज पाचचा मात्र बघाच." ती आमच्याकडे बघून हसली. "ही माझी आई. पाचच्या चित्रपटात हिचा नवरा आहे."

बाईने देल्फिनाचा हात हातात घेतला. देल्फिनाने तो सोडवून घेतला आणि ती टेबलावरच्या पत्रकांचा गठ्ठा सारखा करायला लागली.

"आई, तुझी जागा मागच्या रांगेत ठेवलीय, इर्मामावशीजवळ. सगळ्या गिरणीवाल्या तिथेच आहेत. मी पुढे बसेन." लोरीने आवाज खाली आणला. "मी ठरवलंय. बाबा आले की पहिल्यांदा डोळे मिटून घेणार. चेहरा काय, फोटोत आहेच. नुसतं ऐकणार."

हे ऐकलं आणि मला कळलं की आता ही बोलणार. देल्फिनाचे ओठ आधी नुसतेच हलले, आवाजाशिवाय. मग ती तिकिटाच्या रांगेसमोरच म्हणाली, "मिटू नकोस डोळे. तो आवाज त्याचा नाहीये."

"काय?"

"दुसऱ्याचा आहे. रोमच्या कुणाचा तरी. ओरेस्तेने नुसते आकडे मोजले होते."

लोरीने हातातलं तिकीट फाडलं, समोरच्याला दिलं आणि म्हणाली, "पुढचे या." पुढचे आले. त्यांनाही दिलं. मग उठली, टेबल शेजारच्या मुलीच्या हवाली केलं आणि आम्हा दोघींना कोट टांगायच्या खोलीत नेलं.

"तुला कधीपासून माहितीय?"

"पहिल्यापासून. तो तोरिनोला जाऊन बघून आला होता ना. तू चार महिन्यांची होतीस, मला जाता आलं नाही. परत आला आणि म्हणाला, मला जाडा बैल केलाय त्यांनी. मग गुत्त्यात लोक त्याच आवाजात त्याच्याशी बोलायला लागले, चेष्टेने. तो परत कधी थिएटरात गेला नाही."

"आणि हे मला आज सांगतेयस. पत्रक छापून, गावभर वाटून झाल्यावर!"

"तू पत्रक घेऊन आलीस तेव्हा तुझं तोंड बघायला हवं होतंस तू. कसं सांगणार होते?"

"मी लहानपणापासून विचारतेय, बाबांचा आवाज कसा होता. तू काय म्हणायचीस? 'साधा.' दरवेळी 'साधा'!"

"साधाच होता."

"साधा म्हणजे काय, आई? नळाचा असतो तो साधा. पावसाचा असतो तो साधा. माणसाचा कसा होता?"

देल्फिना माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? बिजागरीसारखा, असं मुलीच्या तोंडावर सांगवत नाही.

"बारीक होता," देल्फिना शेवटी म्हणाली. "बाईमाणसासारखा. लोक हसायचे. तू हसू नयेस म्हणून साधा म्हणायचे."

लोरीने टांगलेल्या एका कोटाची बाही सरळ केली. मग म्हणाली, "कर ना मग तसा आवाज. एकदा. करून दाखव."

"मला नाही जमत."

"माझ्यासाठी."

"अगं, नाही आठवत मला!" देल्फिना ओरडलीच. "त्याचं बोलणं आठवतं, तोंड आठवतं, आवाज नाही आठवत. आम्ही मागांच्या आवाजात बोलायचो गं. घरी आला की दमून झोपायचा. गेला तेव्हा तुला जेमतेम वाक्यं बोलता येत होती. मला वाटलं, आवाज कुठे जातोय. तो गेला."

हे ती मलाही कधी बोलली नव्हती. लोरीने स्वच्छच असलेला चष्मा काढून पुसला आणि ती बाहेर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मी नाही बघणार आता. तुम्ही बघा."

पाच वाजता सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोरीला मंचावर जाऊन दोन शब्द बोलायचे होते. ती गेली. लोक आधीपासूनच डोळे ओले करून बसले होते. मला वाटलं, ही आता खरं सांगते की काय. पण ती म्हणाली, "आमच्या गावातला चित्रपट आहे. पूल बघा, आता तो तसा राहिलेला नाही. बसा." आणि खाली उतरून पहिल्या रांगेत न बसता भिंतीला टेकून उभी राहिली, दाराजवळ, कधीही निघून जाता येईल अशी.

मागच्या रांगेत आम्ही गिरणीतल्या सात-आठजणी. देल्फिना माझ्या शेजारी, कोट अंगातच. तिचा गुडघा सारखा हलत होता, माझी खुर्चीही हलत होती. मी हात ठेवून तो दाबून धरला.

चित्रपट यथातथाच. एक शहरी बाई डोंगरात हवापालटाला येते, धुक्यात ओझरत्या दिसलेल्या खेचरवाल्याच्या प्रेमात पडते, आणि अर्धा तास नुसतं धुकं. मग पूल आला. पुलावर ती बाई. आणि धुक्यातून ओरेस्ते.

किती पोरसवदा होता! मला उगाच वाटत होतं की तोही आमच्याबरोबर म्हातारा झाला असेल. देल्फिनाचा गुडघा थांबला.

ओरेस्ते बाईच्या अगदी जवळ आला आणि तोंड उघडलं. पिंपातून यावा तसा जाड, घुमणारा आवाज आला. "जा तू शहरात. मी तुला अडवणार नाही. पण रोज संध्याकाळी या पुलावर मी कंदील लावीन." सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. बेकरीवालीने पहिला रुमाल काढला.

मी मात्र ते ऐकत नव्हते. आम्हा कुणालाच ते ऐकता आलं नाही. सबंध आयुष्य कान बंद करून ओठ बघितलेल्या बायका आम्ही, डोळे आपोआप तिथेच गेले. ओरेस्ते सांगितल्याप्रमाणे आकडे मोजत होता. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. मग त्याला कंटाळा आला. ते त्याच्या भुवईवरूनच कळलं, आणि तो थेट देल्फिनाशीच बोलायला लागला.

"फिना," त्याचे ओठ म्हणाले, "ही एवढी मोठी नटी, पण लसूण खाऊन आलीय गं."

आमची सबंध रांग फिसकन हसली.

जाड आवाज कंदिलाबद्दल बोलत होता. ओरेस्ते म्हणत होता, "हे बूट कुठल्या मुडद्याच्या पायातले आहेत कोण जाणे, टाचा सोलून निघाल्या." त्याने व्याकूळ होऊन बाईचा हात धरला. "सकाळपासून उपाशी ठेवलंय यांनी. घरी आलो की आधी जेवण, मग गप्पा." आमच्यातली रोझिल्दा तर खुर्चीतून घसरायच्या बेतात आली. पुढच्या रांगांतून माणसं मागे वळून बघायला लागली. कुणीतरी "श्श्" केलं. कुणीतरी म्हणालं, लाज वाटत नाही या म्हाताऱ्यांना.

भिंतीपासून लोरी सुटली आणि वाकून, झपाझप आमच्याकडे आली. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा रागाने ताणलेला दिसत होता.

"काय हसताय? माझ्या बाबांना हसताय?"

"आम्ही नाही हसत," मी म्हणाले. "तोच हसवतोय. अगं, तो बोलतोय! खरंखुरं बोलतोय!"

तिला काही कळलं नाही. देल्फिना हसत नव्हती. तिने हात लांब करून लोरीला खाली ओढलं, रांगेच्या कडेच्या पायरीवर, आणि नजर पडद्यावरून न काढता बोलायला लागली. ओरेस्तेचे ओठ हलले की तिचे शब्द यायचे, तो थांबला की ती थांबायची.

"मुकादमाला सांग... पोट एवढं आलंय... उभ्याने काम होणार नाही म्हणावं."

जाड आवाजातला कंदील विझायला आला होता. पडद्यावरची बाई रडत होती.

"लाथा मारतंय का अजून? मारू दे... माझ्यासारखं बारीक आवाजाचं नको, एवढंच... गुत्त्यात बसता आलं पाहिजे त्याला... आणि मुलगी असली तर बोलू दे हवं तेवढं."

देल्फिना खोकली आणि पुढचं राहून जाऊ नये म्हणून घाईने बोलली, "तू हे बघायला येशील तेव्हा आपण तिघं असू, फिना. तू तेवढं तिला वाचून दाखव."

तो तोरिनोहून आल्यावर म्हणाला होता, एकदा तूही जाऊन ये, तुला समजेल. हे देल्फिनाने मला नंतर सांगितलं. तिला वाटलं होतं, त्या जाड आवाजाचा अपमान समजेल असं तो म्हणतोय. तिने जायचं टाळलं. मग चित्रपट उतरला, आणि दोन हिवाळ्यांनी घाटातल्या बर्फावर त्याची गाडी घसरली.

पडद्यावर ओरेस्ते वळला आणि खेचराला घेऊन धुक्यात चालायला लागला. आता त्याची पाठ दिसत होती. देल्फिनाचे ओठ मिटले.

"आणखी आहेत का ते पुढे?" लोरीने विचारलं.

"नाही. एवढंच काम होतं त्याचं."

पुढचा सगळा चित्रपट लोरी तिथेच त्या पायरीवर बसून होती. पडद्याकडे पाठ करून, आईच्या तोंडाकडे बघत.